पहिला तांब्या

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. नक्की तारीख कुणी लिहून ठेवली नाही. ‘खडी फोडायचं काम निघालं होतं आणि सुकडी वाटत होते, तेव्हा तू झालास,’ एवढीच नोंद अम्मीकडे होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख टाकून दिली. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनलाच यायचा, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बीए झालेला, मराठीत कविता लिहिणारा साधा माणूस आहे. पण दुष्काळ हीच ज्याची जन्मतारीख, त्याला पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगायचा हक्क असावा. आज मी एका कायद्याचा इतिहास सांगणार आहे. हा कायदा कुठल्या विधिमंडळात मंजूर झाला नव्हता. माझ्या दादीने तो केला होता.

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला टेकून आमचं गाव आहे. घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, अशा दोन भाषांत आम्ही वाढलो. अब्बा शिवणकाम करत. घरात आम्ही नऊ माणसं होतो. ओसरीच्या कोपऱ्यात मातीचा एक रांजण निम्मा जमिनीत पुरलेला होता. त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर पितळेचा तांब्या. त्या तांब्यावर दादीची सत्ता चाले. उन्हाळा लागला, की तिचा एकच कायदा असे : ‘सबका पयला हुए बगैर किसका दुसरा नै.’ म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा पहिला तांब्या झाल्याशिवाय कुणालाही दुसरा मिळायचा नाही. मग तो घरातला कर्ता पुरुष असो, नाहीतर रांगणारं पोर.

एक दुपार मला अजून आठवते. अब्बा आठवडी बाजाराहून मशीन डोक्यावर घेऊन आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी उभ्या उभ्या एक तांब्या रिकामा केला आणि पुन्हा हात पुढे केला. दादी जागची हलली नाही. म्हणाली, ‘आपाचा पहिला बाकी आहे.’ आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती त्या वेळी घरात नव्हतीच. अब्बांनी तांब्या मुकाट्याने झाकणावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. आईचा शब्द मोडायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मला त्या वेळी दादीचा फार अभिमान वाटला होता. आपा कुठे गेली होती, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नाही. तो मी शेवटी सांगेन.

पाणी सांडणं हे आमच्या घरात खोटं बोलण्याइतकंच वाईट मानलं जाई. अब्बा एका लोट्यात वजू करत. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वजूला गरजेपुरतंच पाणी घ्या, अशी शिकवण आमच्या धर्मात आहे. अब्बा हसून म्हणायचे, ‘नदी असती तर शिकवणीची परीक्षा झाली असती. आपल्याला परीक्षाच नाही.’ भांडी विसळलेलं पाणी शेळीपुढे जाई आणि अंघोळीचं पाणी दारातल्या लिंबाला. शेजारच्या काकूंच्या घरीही तेच होतं. त्यांचं मोरीचं पाणी अळूच्या वाफ्यात उतरायचं. त्या एकादशी करायच्या आणि आम्ही रोजे धरायचो, पण रांजणाच्या बाबतीत दोन्ही घरांचा धर्म एकच होता.

पाऊस लांबला, की गावातली पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी मागत दारोदार फिरायची. त्याच आठवड्यात आमची मोठी माणसं ईदगाहवर पावसासाठी इस्तिस्काची नमाज पढायला जायची. धोंडी आमच्या दाराशीही यायची. दादी रांजणातून भरलेला तांब्या काढून पाला बांधलेल्या पोराच्या डोक्यावर ओतायची. आपणहोऊन पाणी सांडताना मी तिला फक्त तेवढंच पाहिलं.

तर अशी आमच्या घराची नीती. प्रत्येक घर हे एक छोटं राज्यच असतं. त्याचं एक जलधोरण असतं आणि ते कुठे लिहिलेलं नसलं तरी पाळलं जातं. पण ही नीती घराच्या उंबऱ्याबाहेर कशी गेली, कुणी नेली आणि कुठे अडली, हा खरा इतिहास आहे. तो पाहण्यासाठी आधी चारशे वर्षं मागे जाऊ.

१९९० च्या सुमारास मी बीए करायला औरंगाबादला आलो. आजचं ते छत्रपती संभाजीनगर. कॉलेज सुटलं, की आम्ही दोघं-तिघं मित्र पाणचक्कीच्या हौदाकाठी जाऊन बसायचो. भिंतीवरून पाण्याची चादर हौदात कोसळत असे. हे पाणी डोंगरातून भूमिगत नळांनी, केवळ उताराच्या आणि दाबाच्या जोरावर इथवर येतं आणि त्यावर पूर्वी पिठाची चक्की फिरत असे, हे मला तिथे कळलं. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याचा हा परिसर. फकीर, यात्रेकरू आणि वाटसरू यांच्या भाकरीचं पीठ त्या चक्कीवर दळलं जाई. मला दादीचा रांजण आठवला. इथेही पाण्याचा पहिला मान पाहुण्याचा होता.

या शहराला नहरींचं पाणी देण्याची कल्पना मलिक अंबरची. त्याची कथा प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीत येऊन पोचला. पुढे तो त्या राज्याचा वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दाद दिली नाही. १६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं. नावातच खडक. अशा जागी शहर वसवायचं तर आधी पाणी हवं. म्हणून १६१७ च्या आसपास त्याने डोंगराच्या पोटातलं पाणी शोधून नहर बांधून काढली. तीच नहर-ए-अंबरी. त्यानंतर आणखी नहरी झाल्या आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतले हौद भरू लागले. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याचं राज्य गेलं, पण त्याचं पाणी पुढची कित्येक पिढ्या वाहत राहिलं. विकत घेतलेल्या माणसाने उभारलेली ही व्यवस्था होती. तहान काय असते हे त्याला दरबारात येण्याआधीच कळलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

पुढे शहर वाढलं. नहरींवर बांधकामं झाली, नळ फुटले आणि देखभाल करणारे हात गेले. आपल्या घरी नळ आला, की सार्वजनिक हौदाची फिकीर उरत नाही. हीसुद्धा घराच्या नीतीचीच एक बाजू आहे.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगताना जीभ जड होते. आमच्या गावची मोठी विहीर बांधीव होती, पायऱ्यांची. पण सगळ्यांना त्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. दलित वस्तीतल्या बायका काठापासून लांब, रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहत. कुणाला दया आली तर तो त्यांच्या घागरीत पाणी ओती. दादीला दया यायची. ती आपली कळशी त्यांच्या घागरीवर रिकामी करायची आणि पुन्हा उतरून दुसरी भरायची. आमच्या मजहबात शिवाशीव नाही, हे आम्ही अभिमानाने सांगत असू. पण दादीची कळशीसुद्धा वरूनच ओतायची. भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. घरात माणशी तांब्या मोजणाऱ्या माझ्या दादीला त्या बायका ‘सबका’ या शब्दात मोजायला हव्यात, हे कधी सुचलं नाही. तिला दान समजत होतं, हक्क समजत नव्हता.

हा हक्क या महाराष्ट्रात फार आधी मागितला गेला होता. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. घराची नीती उंबऱ्याबाहेर नेणं म्हणजे काय, याचं त्याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने पाठोपाठ तसा ठरावही केला. पण कागदावर खुलं झालेलं तळं काठावर बंदच राहिलं. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. निकाल लागायला १९३७ उजाडलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

महाड आपल्याला एक धडा देतं. धोरण हे सरकारात ठरतं, पण ते अडतं माणसाच्या मनातल्या उंबऱ्यावर. आणि आमच्या गावच्या विहिरीवरचं चित्र सांगतं, की हा उंबरा १९२७ नंतर पन्नास वर्षांनीही जागेवरच होता.

आता माझ्या जन्मसालाकडे येतो. १९७२ चा दुष्काळ म्हटलं, की जुन्या माणसांना लाल मिलो आठवतो, सुकडी आठवते आणि खडी फोडणारे हात आठवतात. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर पसरली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. अम्मी त्या कामावर गेली होती. मी पोटात असताना तिने नालाबांधाची माती वाहिली. त्यामुळे रोजगार हमीवर माझीही थोडी हजेरी लागलेली आहे, असं मी गमतीने म्हणतो.

त्याच दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्यातले एक अभियंते आणि उद्योजक पुरंदर तालुक्यात फिरत होते. माणसं खडी फोडतात, पण त्यांच्या शेताची तहान तशीच राहते, हे त्यांनी पाहिलं. नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडवायचा प्रयोग केला. पाणी अडलं आणि मग खरा प्रश्न आला, तो वाटणीचा. त्यांनी पाणी पंचायतीचे जे नियम घातले, ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चकित झालो. पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि घरटी जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही.

श्रोतेहो, हा दादीचाच कायदा होता. पण दोन गोष्टींत तो दादीच्या पुढे गेला होता. एक म्हणजे यात भूमिहीन माणूस काठावर उभा राहून दयेची वाट पाहत नव्हता. तो मोजलेला होता. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तांब्याला त्यांनी नाव दिलं होतं. त्याचं नाव ऊस. उसाशी माझं वैर नाही. माझ्या जिल्ह्यातली लाखो माणसं दर वर्षी कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात आणि त्यावर त्यांची चूल पेटते. पण राज्यातल्या पिकांच्या मानाने थोड्या जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला फार मोठा वाटा पिऊन जातो, हे जलतज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत आले. गंमत पहा, ज्यांच्या गावात प्यायला पाणी नाही तेच लोक दुसऱ्याच्या शेतात साठलेलं पाणी उसाच्या रूपाने तोडायला जातात. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या हिवरे बाजारनेही पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हाच मार्ग धरला. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, भरमसाट पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत आणि दर वर्षी गावाने बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा.

सरकारी धोरणातही दादीचा कायदा शब्दाने तरी आला. १९८७ च्या पहिल्या राष्ट्रीय जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिलं स्थान मिळालं. पुढे २००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. एकाच खोऱ्यातल्या धरणांमध्ये तुटीच्या वर्षी पाण्याचं वाटप समन्यायी व्हावं, हे तत्त्व त्यात आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. त्या जायकवाडीसाठी वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, यावर मोर्चे निघाले आणि कोर्टकज्जे झाले. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. मी खालच्या अंगाचा माणूस. मला तो निकाल न्यायाचा वाटला. पण मग मी स्वतःला विचारतो : जायकवाडीत आलेलं पाणी पुढे कुणाच्या शेतात जातं? आमच्या वरच्या माणसाला आम्ही जो प्रश्न विचारतो, तोच आमच्या खालचा माणूस आम्हाला विचारू शकतो.

आता सिनेमा आणि क्रिकेट. तुम्ही म्हणाल, हे इथे कुठे आलं? पण आपल्या पोरांनी पाण्याविषयी जे शिकलंय, ते रांजणाजवळ कमी आणि पडद्यासमोर जास्त. हिंदी सिनेमात पाऊस म्हणजे नायिकेची भिजलेली साडी. तो पाऊस टँकर आणून पाडलेला असतो, हे लहानपणी आम्हाला माहीत नव्हतं. तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये तो पाऊस पाहून आम्ही बाहेर यायचो, तेव्हा तंबूबाहेर पाणीवाली ग्लासावर पैसे घेत असायची. तरी सिनेमाने दुष्काळ अगदीच पाहिला नाही असं नाही. १९६५ च्या ‘गाइड’मध्ये एक लबाड माणूस गावाच्या पावसासाठी उपास करता करता खरा होतो. २००१ मध्ये आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’ आला. ढग येतात, गाव नाचतं आणि ढग तसेच निघून जातात, हे दृश्य पाहताना आमच्या थेटरात चिडीचूप झालं होतं. कारण ते आम्ही दर वर्षी पाहत होतो. त्या सिनेमात कोरड्या जमिनीवर क्रिकेट खेळलं जातं, ते सारा माफ व्हावा म्हणून. शेवटी गाव जिंकतं आणि पाऊस पडतो.

पंधरा वर्षांनी, २०१६ मध्ये, हाच खेळ उलटा झाला. लातूर शहर कोरडं पडलं होतं. पाण्याच्या ठिकाणी दंगे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच दिवसांत राज्यात आयपीएलचे सामने चालू होते आणि खेळपट्ट्या व मैदानं हिरवी ठेवायला सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, अशी चर्चा उच्च न्यायालयात चालू होती. गाडी पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला : ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. बीए झालेल्या माणसालाही इतकं गणित येतं. साठ भागिले पाच, म्हणजे तशा बारा गाड्या.

या निकालावर टीका झाली. काही जण म्हणाले, मैदानाला लागणारं पाणी म्हणजे उसाच्या पुढे थेंबसुद्धा नाही, सामने हलवून लातूरला एक लोटा जास्त मिळणार नाही. हिशेबाने ते खरं होतं. सामने हलले, पण ऊस हलला नाही, हेही खरं. तरी मला तो निकाल महत्त्वाचा वाटतो. अब्बांना दुसरा तांब्या दिला असता तरी आपा तहानेने मेली नसती. त्यांना थांबवलं गेलं, कारण कुणाचा तरी पहिला बाकी असताना दुसऱ्यासाठी हात पुढे करायचा नसतो. हे एका न्यायालयाने करमणुकीच्या सर्वांत श्रीमंत खेळाला सांगितलं. क्रिकेट मलाही आवडतं. त्या वर्षी मुंबईचे आणि पुण्याचे सामने परराज्यात झाले, ते मी टीव्हीवर पाहिले आणि मजेत काही कमी पडलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ‘लगान’चा नायक आमिर खान याच्या पानी फाउंडेशनने गावागावांत स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते : वरूड, कोरेगाव आणि आमच्या बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई. पंचेचाळीस दिवस श्रमदान करून पाणी अडवायचं आणि जिंकायचं. सातारा जिल्ह्यातलं वेळू पहिलं आलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊबंद तिथे एका चरात उतरून माती उपसत होते. लोकप्रियतेचा असाही उपयोग होतो, हे कबूल करायला हवं. पण एक धोकाही सांगायला हवा. पाणी अडवायला आपल्याला आवडतं. त्यात फावडी असतात, यंत्रं असतात, फोटो असतात. वाटणीत यातलं काही नसतं. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही गावं दुष्काळमुक्त करण्याचं आणि भूजल वाढवण्याचं उद्दिष्ट फारसं साधलं नाही, असा अभिप्राय ‘कॅग’ने २०२० मध्ये दिला. रांजण कितीही मोठा केला आणि तांब्या मोजणारं कुणी बसलं नाही, तर तो पुरणार कसा?

आता ठरल्याप्रमाणे आपाकडे येतो. त्या दुपारी आपा नदीवर होती. विहीर आटली, की वाळूत झिरा खणावा लागे. त्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीने घागरीत भरायचं. एक घागर भरायला कधी तास लागे. रांगेत नंबर आधी, मग वाटी, मग डोक्यावर घागर घेऊन दीड कोसाची वाट. पाण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच होती. सातवी झाल्यावर आपाचं नाव शाळेतून काढलं. घरात कुणी ठरवलं असंही नाही. ते आपोआप झालं. मी मात्र शिकत राहिलो. ज्या रांजणावर दादी इतका चोख न्याय करत होती, तो रांजण भरला कुणी, हे आमच्या कायद्यात कुठेच नव्हतं. तांब्या माणशी मोजला जात होता आणि घागरी फक्त पोरी-बायका मोजत होत्या.

आपली धोरणंही आमच्या दादीसारखीच आहेत. २०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झालं, त्यात खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप ठरवलं. माप चांगलं आहे. पण लिटर मोजताना बाईचे तास मोजायला आपण अजून शिकलेलो नाही. नळ आला तरी पहाटे तीनला उठून तो कोण भरतं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

काही वर्षांपूर्वी माझ्या पाण्यावरच्या कवितांचं एका कार्यक्रमात खूप कौतुक झालं. घरी आलेल्या आपाला मी त्या वाचून दाखवल्या. तिने शांतपणे ऐकल्या आणि म्हणाली, ‘तू पानी पे लिख्या, मैं पानी लाई.’ त्यात राग नव्हता. ती नुसती नोंद करत होती. त्यानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. आमच्या भागात पाणी काही दिवसांआड आणि अवेळी येई. आजवर घड्याळाचा गजर बायको लावायची आणि मी झोपायचो. आता पाण्याच्या रात्री मी उठतो. टाकी भरते, बादल्या भरतात आणि अंधारात उभं राहून मला दादीचा कायदा पुरा करावासा वाटतो : सगळ्यांचा पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि आणण्यातही सगळ्यांची पाळी.

मागच्या ईदला आपा आली होती. तिच्या नातीची दहावीची परीक्षा होती, त्याबद्दल भरभरून बोलत होती. मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. दादीचाच आहे तो, पितळी, थोडा चेपलेला. तिने तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. घरभर एकदा नजर फिरवली आणि विचारलं, ‘सबके हो गए क्या?’